मामांनी लावलेला प्लग

चहा गाळणीत होता आणि मामा रोजच्यासारखे फ्रिजमागे वाकले होते. प्लग नीट बसलाय की नाही, हे हातानं चाचपल्याशिवाय हल्ली त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. बायकोनं आधी चेष्टा केली होती, "अहो, तो काय पळून जाणार आहे?" मग तिनं बोलणं सोडलं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात कंपनीचे मोठे साहेब, जिना चढून धापा टाकत. मामांना नोकरीवरून काढून घरी बसवणारे तेच.

मामा हे नाव बंदरावरच्या लोकांनी पाडलेलं. कंपनी गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवते. तिचा थंड कंटेनर जहाजावर चढेपर्यंत बंदराच्या यार्डात विजेला जोडलेला राहिला पाहिजे, हे बघायचं काम मामांचं. उभी हयात त्यात गेली. खरं काम एवढंच, की प्लग लावणाऱ्यापासून गेटवरच्या अधिकाऱ्यापर्यंत ज्याचं त्याला पाकीट पोचवायचं. पाकीट ऑफिसचं, हात मामांचा. पाकिटं वाटून घरी आले, की मामा आधी हात खसखसून धुवायचे आणि मगच कुणाशी बोलायचे.

पुढे एक बडं परदेशी गिऱ्हाईक मिळालं. त्यांची अट होती, कुणाला चिरीमिरी द्यायची नाही. साहेबांनी झाडून सगळ्यांना थंडगार हॉलमध्ये बसवलं, शपथ दिली, छातीवर बिल्ले लावले. बाकीचे गालातल्या गालात हसले. मामांनी मात्र ती शपथ मनावर घेतली. घरी येऊन म्हणाले, "सुटलो बघ एकदाचा!" नवऱ्याला इतकं मोकळं हसताना बायकोनं कितीतरी वर्षांनी पाहिलं.

पुढच्याच कंटेनरला मामा रिकाम्या हातानं गेले. समोर उभं राहून प्लग लावून घेतला. त्यांची पाठ वळली आणि कुणीतरी तो उपटला. भर उन्हात सगळी कोळंबी सडली. ऑफिसनं ठरवून टाकलं, मामांचा हलगर्जीपणा! शपथेचं नाव कुणी काढलं नाही.

आज तेच साहेब खुर्चीच्या कडेवर टेकले होते.

"मामा, पुन्हा एक कंटेनर अडकलाय. प्लग काढून ठेवलाय मेल्यांनी. म्हणतात, मामांना पाठवा." त्यांनी बॅगेतून जाडजूड पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"आणि तुमची ती शपथ?" बायकोनं विचारलं.

"वहिनी, शपथ स्टाफला असते. मामा आता स्टाफमध्ये कुठे आहेत? बाहेरचे सल्लागार म्हणून घेतो त्यांना. कंपनीचे हात स्वच्छ, आणि तुमचंही घर चालेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप बशीवर आदळला.

"वा! आधी माणसाला घालवायचं, आणि घालवलं म्हणून तोच घाणीत ढकलायला मोकळा! लोक यांना मामा म्हणतात ते प्रेमानं. तुम्ही मात्र खरोखरच मामा बनवलंत!"

"उगाच तापताय, वहिनी. सगळीकडे असंच चालतं."

"चालतं ना? मग चाला की तुम्ही! यांच्या पाठीवर बसून कशाला?"

साहेबांनी चहाकडे पाहिलं, प्यायले नाहीत. ते मामांकडे वळले. "मामा, ऊन चढतंय. माल जाईल."

मामा अजून फ्रिजपाशीच उभे होते. घरात पगार येणं थांबलेलं, वाण्याचं तोंड चुकवून चालावं लागतंय, हे बायकोला काय ठाऊक नव्हतं? तरी त्यांनी पुढे होऊन पाकीट उचललं, तेव्हा तिनं त्यांची बाही धरली.

मामांनी ते पाकीट साहेबांच्या हातात ठेवलं आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"मी येतो बरोबर. कुणाला द्यायचं तेही दाखवतो," मामा म्हणाले. "माझं एकच मागणं आहे, साहेब. या वेळी पाकीट तुम्ही तुमच्या हातानं द्या."