चक्कीवाल्याच्या पोरीचे दात

सातवीत असताना वर्गशिक्षिकेने मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "खर्रा खाते काय व तू?"

आमच्या पुलगावात तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा खाणारी माणसं गल्लोगल्ली होती, पण त्यांत दोन वेण्या घालणारी कुणी नव्हती. "नाई मॅडम," म्हणायला मी तोंड उघडलं, तर मॅडमना पुरावा आणखीच जवळून दिसला. दुधाचे दात पडून माझे नवे दात आले ते आडव्या खाचा आणि पिवळट-तपकिरी चट्टे घेऊनच.

आईने मीठ-तेल, कडुनिंबाची काडी, राखुंडी, सगळं घासून पाहिलं. शेजारच्या काकूंनी विहिरीच्या पाण्याला दोष दिला. पण तेच पाणी पिणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचे दात असे लखलखीत, की तो कारण नसतानाही हसत असे. मी मात्र प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटून उभी.

दातांखेरीज माझं पोटही फुगायचं, वारंवार बिघडायचं, आणि उंची भावाच्याही मागे राहिलेली. बाबांची आटाचक्की होती. दळण घ्यायला आलेलं माणूस मला पाहून हमखास म्हणे, "चक्कीवाल्याची पोरगी अन् अशी वाळकी!" बाबांना ते फार लागे. त्या दिवशी ते माझ्या ताटात तूप-गुळाची आणखी एक पोळी वाढायला लावत.

दहावीच्या परीक्षेनंतर दाढ ठणकायला लागली, म्हणून बाबा मला वर्ध्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या तरुण होत्या, दवाखान्यातल्या खुर्चीवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं. त्यांनी दुखरी दाढ पाहिली आणि मग छोट्या आरशाने एकेक करत सगळेच दात तपासले.

"डावीकडे जशा खाचा, तशाच उजवीकडे. वर तशाच खाली," त्या म्हणाल्या. "दातांवरचं कवच तयार होत असतानाच काहीतरी बिघडलं असणार. हिचं पोट कसं असतं?"

बाबा चक्रावले. "मॅडम, दाढ दुखून राह्यली. पोट कायले इचारता?"

मग मीच पोटाचं फुगणं-बिघडणं सांगितलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, की असे दात पुष्कळ कारणांनी होतात. पण पोट असं आणि उंची अशी असेल, तर सीलिअ‍ॅक नावाचा आजारही असू शकतो. त्यात गहू सोसत नाही, आतडं खराब होतं. "मी खात्रीने सांगत नाही. पण रक्त तपासून घ्या."

परतताना बसमध्ये देवळी गाव मागे पडल्यावर बाबा एकदम म्हणाले, "गहू! गव्हानं कोणाले काय होते?"

नागपूरच्या पोटाच्या डॉक्टरांनी बजावलं, की तपासण्या होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर निकाल चुकेल. बाबांना एवढंच ऐकू आलं. "पाह्य, डॉक्टरच खा म्हणते!" पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला विजयी मुद्रेने पोळ्या खाऊ घातल्या. मग रक्ताचा अहवाल आला, पाठोपाठ दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, आणि बाईंची शंका खरी निघाली. पोळी, बिस्किट, शेवया, रवा, सगळं जन्मभर बंद.

बाबा दोन दिवस जेवणापुरतेच चक्कीवरून घरी आले. तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "म्हणजे इतके वर्स म्याच तुले..." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाले का मालूम होतं?"

त्यांनी ज्वारी दळायला घेतली. पण चक्कीच्या दगडात गव्हाचं पीठ उरतं, तेही माझं पोट बिघडायला पुरेसं होतं. शेवटी ते पाथरवटाकडून कोरं जातं घेऊन आले. रविवारी चक्की बंद ठेवून, अंगावरचं गव्हाचं पीठ जावं म्हणून अंघोळ करून, हा मोटारीवर दळणारा माणूस ओसरीवर मांडी घालून हाताने ज्वारी दळायला बसे. येणारे-जाणारे विचारत, "काऊन भाऊ, लाइन गेली का?"

सहा महिन्यांत पोट निवळलं. आईने भिंतीशी उभं करून मोजली तर उंची दीडेक इंच वाढली, त्यातला अर्धा इंच आईच्या मायेचा धरा. दात काही आपोआप सुधरले नाहीत. एकदा बनलेलं कवच परत बनत नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यांनीच समोरच्या दातांवर पांढरा लेप बसवून दिला. तो बसल्यावर मी इतकी हसत सुटले, की भावाने वैतागून ओठ मिटले.

मग डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना रक्त तपासायला सांगितलं. बाबा ठणठणीत, भाऊ ठणठणीत. आणि वर्षानुवर्षं "मले जराशी कमजोरी हाय" म्हणत लोहाच्या गोळ्या गिळणारी आमची आई, तिलाही तोच आजार निघाला. दात मात्र तिचे मोत्यासारखे.

अहवाल ऐकून आई आधी घाबरली, मग एकदम तिचा चेहरा उजळला. "म्हणजे आता सकाळी पोळ्या लाटा लागत नाई मले?"

बाबा आणि भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. त्या आठवड्यात दोघंही कणीक मळायला शिकले.