डाल्मेशियनचे ठिपके
उन्हाळ्याआधी कूलरला काळा ऑइलपेंट लागला, की त्या वासानं मला अजून चीड येते. एका वर्षी ह्यांनी इतवारीच्या बाजारातून पांढरंशुभ्र पिल्लू आणलं. डाल्मेशियन जन्मतः पांढरंच असतं, काळे ठिपके मागून येतात, असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि ह्यांनी मानलं. "ठिपके नाही आले तर घरात ठेवाचं नाही," सासूबाईंनी बजावलं. मग काय, ऑफिसची वेळ टळली तरी हे गच्चीवर पिल्लाला उन्हात उलटंपालटं करत बसायचे आणि मी डबा घेऊन दारात उभी. एका सकाळी ठिपके दिसले. ह्यांनी शेजारीपाजारी गोळा केले, मला तर्री-पोह्यांचं फर्मान सुटलं. सासूबाईंनी एका ठिपक्यावर बोट फिरवलं, तर बोटच काळं. आदल्या संध्याकाळी ह्यांनीच कूलर रंगवला होता आणि पिल्लू त्या टपकत्या रंगाखालीच झोपलं होतं. "काहून गा, ठिपके असे पुसल्या जातेत का?" सासूबाईंनी बोट ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांचा चेहरा पडला. पिल्लू सासूबाईंच्या पदरात शिरलं. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "राहू दे त्याले. उशिरानं येतीन." आता ते कुत्रं म्हातारं झालंय. आजही हे त्याला उन्हात उलटंपालटं करताहेत, शेजारी सासूबाई चष्मा पुसून बसल्यात, आणि डबा माझ्याच हातात आहे.