वरून तिसरं बटण

आमची ही बायकांचे कपडे शिवते आणि उरलेल्या वेळात माणसं मारते. कागदावर हो! एका साप्ताहिकात तिची कादंबरी क्रमशः येते, तेव्हापासून गल्लीतल्या बायका कपडे न्यायला येतात की पुढचं विचारायला, देव जाणे.

सुरुवातीला सगळाच आनंदीआनंद. तिसऱ्या प्रकरणात वारलेली आजी सातव्यात चहा पीत बसली! वाचकांनी पत्रांतून अशी सालटी काढली की ही दोन दिवस मशीनला बसली नाही. मग तिनं डोकं लढवलं. प्रत्येक पात्राला एकेक बटण नेमलं, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यात खडूनं घर, दवाखाना, स्टेशन आखलं आणि जो जिथे असेल तिथे त्याचं बटण ठेवलं. खलनायक म्हणजे ओव्हरकोटाचं काळं, थोराड बटण. जुळ्या बहिणी म्हणजे शर्टाची दोन पांढरी. थोरलीचं लग्न धाकटीच्या नवऱ्याशी लागता लागता राहिलं, तेव्हापासून धाकटीच्या भोकात लाल दोरा. पात्र मेलं की बटण रिळांच्या डब्यात, आणि डब्यात गेलेला बाहेर येत नाही.

मला त्या टेबलाजवळ शिंकायचीसुद्धा चोरी. एकदा माझं कोपर लागून खलनायक दवाखान्यात गेला, तर बाईसाहेबांनी तसंच लिहिलं. वाचक खूश. माझं नाव कुणी घेतलं? नाव नको.

हिरो मात्र देखणा, तपकिरी, चार भोकांचा. शेवटच्या प्रकरणात तो गच्चीवरून पडून मरणार होता. ही आईला, म्हणजे तिच्या सासूला, रोज दुपारी लिहिलेलं वाचून दाखवते, तेव्हा हेही सांगून बसली. आईनं हिरोचं बटण उचलून पदरानं पुसलं आणि परत ठेवलं. तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरो गायब. संध्याकाळी संपादकाचा माणूस येणार, आणि बटण समोर नसलं की हिला ओळ सुचत नाही. झालं, घर डोक्यावर घेतलं! मी मशीनखाली पालथा, कचऱ्याचा डबा उपडा. शेवटी हिला वाटलं, हिरो गिऱ्हाइकाच्या कपड्यावर लागून गेला. मला गल्लीत पिटाळलं. परक्या बायकांच्या बटणांकडे टक लावून बघणारा नवरा! तिसऱ्या घरी दार तोंडावर आपटलं.

तणतणत परत आलो, तर ही माझ्या छातीकडे बघून खो खो हसत सुटली. हिरो माझ्याच शर्टावर, वरून तिसरा. दुहेरी दोऱ्यानं घट्ट शिवलेला. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

आई शांतपणे म्हणाली, मीच लावलं. ही कात्री घेऊन पुढे झाली, गोष्टच तर आहे म्हणून लाडीगोडी लावू लागली.

"अगं, ते ह्यांच्या कोटाचं आहे," आई म्हणाली. "एकदा जाताना पाहिलंय मी ह्यांना. पुन्हा नाही बघायची."

आम्हाला पत्ताच नव्हता. बाबांचा तो तपकिरी कोट एकदम डोळ्यांपुढे आला. हिनं कात्री खाली ठेवली. मला स्टुलावर बसवलं, हलायचं नाही म्हणून दम दिला आणि माझ्या छातीकडे बघत बघत लिहीत सुटली.

हिरो गच्चीवरून पडला, तो खाली उभ्या असलेल्या गाद्यांच्या टेम्पोत. नुसता पाय मोडला.

वाचून झाल्यावर आईनं विचारलं, "पाय बसेल ना गं नीट?"

"बसेल हो, आई. पळेलसुद्धा."

तो शर्ट आता आई मला धुवायला टाकू देत नाही. स्वतः हातानं धुते.