मार्गारेटआजींचा गुडघा

मंडळी, आज आयुष्यात पहिल्यांदा स्कीइंग केलं. खरं तर पडण्याचंच काम जास्त केलं.

माझ्या इथल्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमधले सगळे भराभर खाली निघून गेले आणि मी टेकडीवर एकटीच राहिले. उतरायचं धाडस होत नव्हतं. शेजारी सत्तरीच्या एक आजी उभ्या होत्या, मार्गारेट. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आज पहिल्यांदाच वर आल्या होत्या आणि त्याही घाबरल्या होत्या. आज जमलं नाही, तर स्की कुणाला तरी देऊन टाकायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मुलीला वाटतंय, मी खाली कॉफी पितेय," त्या हळूच म्हणाल्या. "तू पुढे हो. मी मागून सांगते."

मग सुरू झालं. "गुडघे वाकव! पायांकडे बघू नकोस! अगं, झाडाकडे कुठे निघालीस?" मी सात वेळा पडले. प्रत्येक वेळी त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या.

खाली पोचल्यावर त्या एकदम हसायलाच लागल्या. "तुला सांभाळता सांभाळता मी माझा गुडघा विसरूनच गेले गं!"

आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट मीच. एवढं शिकल्यावर आता कुणाला काही विचारावं लागू नये, असं मला वाटायचं. इथे परदेशात आल्यापासून दोन वर्षं स्वयंपाकसुद्धा इंटरनेटवर बघून करतेय.

आज मात्र आजींचं ते बोलणं आठवत घरी आले, आईला फोन केला आणि भरल्या वांग्यांचा मसाला कसा करायचा ते विचारलं. कॉलिंग कार्डावरचे पैसे संपून फोन तुटेपर्यंत ती सांगत होती.

तुम्ही आईला शेवटचं काय विचारलंत?