सूर धरणारा बापू

अण्णांचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. ‘मास्तर, बापू गेला,’ ते म्हणाले. ‘आता कुठं?’ मी विचारलं... पलीकडून हुंदका आला, तेव्हा मला अर्थ लागला. चूक सर्वस्वी माझी नव्हती. बापू सतत कुठेतरी जातच असायचा. नुकताच तो तळ्याची हवा चांगली म्हणून कळंब्याला राहायला जाणार होता. त्याआधी त्याला सनई सोडून उसाच्या रसाचं गुऱ्हाळ टाकायचं होतं. पाटी रंगवून झाल्यावर रसाचा वास आपल्याला सोसत नाही हे त्याला आठवलं. अशा माणसाच्या जाण्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला देवीचं देऊळ आहे. तिथं रोज सकाळी आरतीआधी हे दोघे भाऊ सनई वाजवत. थोरले अण्णा चाल वाजवत, धाकटा बापू सूर धरत असे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुराची सनई वेगळी असते. तिची बहुतेक भोकं मेणानं बुजवलेली असतात. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, तिच्यातून एकच स्वर न तोडता काढत राहायचा आणि त्याच्या आधारानं दुसऱ्यानं हवं तिथं हिंडून यायचं. टाळी हिंडणाऱ्याला मिळते. बापूनं हे काम उभा जन्म केलं. त्याला कधी चाल का वाजवू देत नाही, असं मी एकदा अण्णांना विचारलं होतं. ‘ह्याला चाल दिली तर गावभर फिरवंल आन् भलत्याच्याच दारात सोडून येईल,’ अण्णा म्हणाले. ‘सूर धरतोय तवर एका जागी बसतोय तरी.’ शेजारी बसलेला बापू मान डोलावून म्हणाला, ‘व्हय की.’

हे ‘व्हय की’ म्हणजे बापूचा सगळा विचारसंग्रह. त्याला स्वतःचं मत नव्हतं. समोर बसेल त्याचं मत तो उचलायचा आणि माणूस उठून गेला की जागेवर ठेवून द्यायचा. निवडणुकीत सकाळी एकाच्या जीपमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या जेवणावळीत तो सारख्याच निष्ठेनं दिसे. तांबडा रस्सा बरा म्हणाल तर तांबडा, पांढरा म्हणाल तर पांढरा. माझं आणि शेजाऱ्याचं भिंतीवरून वाजलं तेव्हा तो मला म्हणाला, ‘त्यो लबाडच हाय, मास्तर.’ मग भिंतीला वळसा घालून शेजाऱ्याकडे गेला आणि मास्तरांना शिकल्याचा माज आहे, हे त्यालाही मान्य करून आला. मला हा माणूस आवडत नव्हता. एका शाळेत होतो, एका गल्लीत म्हातारे झालो, म्हणून बोलणं होतं इतकंच. कणा नसलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, ही माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार होती.

त्याची शोकसभा मात्र राजारामपुरीत झाली, वातानुकूलित सभागृहात. जिवंतपणी बापूला तिथल्या पायरीवर कुणी बसू दिलं नसतं. सभा भरवली होती आमच्याकडच्या एका दातांच्या डॉक्टरांनी. दवाखाना तिथंच, संगीताचं मंडळ तिथंच, आणि दोन्हीकडे माणसाला आ वासायला लावण्याची त्यांची पद्धत एकच. डॉक्टरांचा एक सिद्धान्त आहे. वाद्य तसा माणूस. सतारिये मानी, तबलजी खोडकर, सारंगीवाले दुःखी, बासरीवाले शांत. हा सिद्धान्त ते प्रत्येक कार्यक्रमात निवेदन म्हणून मांडतात आणि कलाकार मानधन हाती पडायचं असल्यामुळे मान डोलावतात. मी ज्या बासरीवाल्याला ओळखतो तो प्लॉटची दलाली करतो आणि त्याचं फोनवरचं बोलणं पुढच्या चौकात ऐकू जातं. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडवणारा आमचा एक गडी दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून कॉटखाली जातो. आणि ज्याच्यापासून बासरीची कीर्ती सुरू झाली त्यानं लोणी चोरलं, मडकी फोडली आणि पुढे भर रणांगणात रथ हाकला. शांत स्वभावाचा हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही.

डॉक्टर मात्र त्या दिवशी रंगात होते. ‘आयुष्यभर एकच स्वर धरणारा हा माणूस म्हणजे योगी होता. अचल सूर, अचल माणूस! शब्द दिला की दिला, वाट धरली की धरली.’ माझ्या शेजारी बापूची बायको शांताक्का बसली होती. तिनं पदर तोंडावर धरून मला विचारलं, ‘भावजी, ह्ये कुणाबद्दल बोलाय लागल्यात? का आनि कोन मेलंय?’ पुढच्या वक्त्यानं बापूला दीपस्तंभ केलं, त्याच्या पुढच्यानं सह्याद्री. शांताक्का प्रत्येक वेळी स्टेजवरच्या फोटोकडे बघून खात्री करून घेत होती.

मग डॉक्टरांनी अण्णांना स्टेजवर बोलावलं. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि चकचकीत कागदातून एक यंत्र निघालं. सूर देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. ‘बापूंची जागा कुणी घेऊ शकत नाही,’ डॉक्टर म्हणाले आणि बापूच्या जागी ती पेटी ठेवली. देवळातली सनई बंद पडू नये म्हणून ही भेट. अण्णांनी आत्ता श्रद्धांजलीपर काही वाजवावं. अण्णा बसले. पेटीचा सूर सुरू झाला, ताणलेल्या तारेसारखा सरळ. अण्णांनी सनई तोंडाला लावली, दोन-तीन ओळी वाजवल्या... आणि माझ्यासारख्या अडाण्यालाही दाढेखाली खडा यावा तसं झालं. काहीतरी जुळत नव्हतं. अण्णांनी थांबून पेटीकडे पाहिलं, पुन्हा धरलं, पुन्हा तेच. त्यांनी सनई मांडीवर ठेवली. डॉक्टर डोळे टिपत माइकपाशी आले. ‘दुःखानं आज सूर ढळला!’ टाळ्या झाल्या. एका म्हाताऱ्याच्या फजितीला इतक्या टाळ्या मी पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या.

परत येताना रिक्षात अण्णा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, ‘मास्तर, ही खाली येत न्हाय.’

‘म्हणजे?’

‘बापू यायचा.’

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. सनईचा स्वर ओठांच्या पकडीवर असतो. दात गेले, ह्याच डॉक्टरांनी कवळी बसवली, आणि तेव्हापासून पकड सुटत गेली. वाजवताना अण्णांचा स्वर घसरायचा, पण त्यांना स्वतःला ते कळायचं नाही, कारण कान शेजारच्या सुरावर आणि शेजारचा सूर तर बरोबर जुळतोय. ‘रोज वाजवून झालं की इचारायचो, बापू, बरोबर लागतंय न्हवं? त्यो म्हनायचा, व्हय की.’ अण्णा रस्त्याकडे बघत होते. ‘सभेत पेटी लावल्यावर समजलं. मी घसरायचो, आन् त्यो माझ्यासंगं खाली यायचा.’

घरी गेल्यावर त्यांनी खुंटीवरची बापूची सनई काढून मला दाखवली. स्वर ठरवणारं जे भोक उघडं ठेवतात त्याच्या कडेला मेण होतं. थोडं मेण लावलं की भोक लहान होतं आणि सूर उतरतो, हे अण्णांनीच सांगितलं. तळाला काळं पडलेलं जुनं मेण, त्यावर तपकिरी, त्यावर पिवळं ताजं. दर वेळी नखाएवढं. अण्णा जसे उतरत गेले तसा बापू सूर उतरवत गेला, आणि त्या त्या दिवशी जे कमी-जास्त होई ते ओठांनी सांभाळत गेला. सबंध पेठेनं अचल म्हणून ऐकलेला हा सूर वर्षानुवर्षं हलत होता, आणि देवळाच्या उत्सवात पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाऱ्या डॉक्टरांना ना आपण बसवलेली कवळी ऐकू आली ना तो सूर.

म्हणजे वाद्यासारखा माणूस नव्हताच. वाद्यालाच त्यानं आपल्यासारखं करून टाकलं होतं, समोरच्याचं ऐकणारं. मी त्याला कणा नाही म्हणत होतो. नव्हताच. माझं त्याच्याविषयीचं मत मी अजूनही फारसं बदललेलं नाही; भिंतीच्या प्रकरणात तो नालायकासारखाच वागला होता. फक्त ‘व्हय की’ म्हणून उठून जाणारा माणूस या एका ठिकाणी उठून गेला नाही, एवढं नोंदवून ठेवतो. डॉक्टरांची स्मरणिका येणार आहे. ‘अचल सूर’ या नावाखाली मी लेख द्यावा असा त्यांचा निरोप होता. तो हा नव्हे.

अण्णांनी वाजवणं सोडावं की नाही, हा खरा प्रश्न होता. ते काही दिवस देवळाकडे फिरकले नाहीत. पेटी त्यांनी दवाखान्यात परत पाठवली. मग एका सकाळी सनई ऐकू आली म्हणून मी बाहेर आलो. अण्णा नेहमीच्या कट्ट्यावर बसले होते, एकटे, सुराशिवाय. डावीकडची जागा त्यांनी मोकळी सोडली होती आणि मागच्या खुंटीला बापूची सनई टांगली होती. ओळ संपली की ते थोडं डावीकडे कलत, थांबत, आणि मग पुढे जात. बरं वाजत होतं की वाईट, मला सांगता येणार नाही; पडताळून बघायला शेजारी काही नव्हतं. आरती झाली. मी पायरीपाशी उभा आहे हे त्यांनी पाहिलं.

‘मास्तर, बरोबर लागतंय न्हवं?’

‘व्हय की,’ मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

अण्णा हसले. कवळी जरा सरकली, ती त्यांनी अंगठ्यानं बसवली. ‘तुमचं नुसतं तोंडी हाय, मास्तर,’ ते म्हणाले. मग त्यांनी खुंटीवरची सनई उतरवली, मेणावरची धूळ पदराच्या टोकानं पुसावी तशी उपरण्यानं पुसली, आणि ती डावीकडे, बापूच्या जागी ठेवली.