जमनाची पंचमी

जमनाचा नवरा कमलाकांत गेल्या मे महिन्यात वारला. समुद्रात नाही. एडवणच्या किनाऱ्यावर, भर सकाळी, जाळं विणता विणता मान टाकून बसला तो उठलाच नाही. समुद्राने नेलं असतं तर समुद्राला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. इथे शिव्या घालायच्या कुणाला? जमनाने कुणालाच घातल्या नाहीत. ती रडलीही नाही. बायका आल्या, गळ्यात पडून रडल्या, आणि ही आपली त्यांना चहा विचारत बसली. गावाने आधी कौतुक केलं, मग नावं ठेवली. गावाला काय, जिभेला हाड नाही. खरं सांगायचं तर जमनाला काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात ना, तेव्हा गाल आपलाच असतो आणि आपला नसतोही. तसं आठ महिने चाललं होतं.

त्या दोघांची एक रोजची रीत होती. सकाळी चुलीवर चहा ठेवता ठेवता जमना तिथी सांगायची, आणि बाहेरच्या ओट्यावरून कमलाकांत भरतीची वेळ सांगायचा. हिशेब सोपा असतो, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती पुरी. तिने "अष्टमी" म्हणायचं, त्याने "सहा" म्हणायचं. तीस वर्षांत "आज तू कशी आहेस" असं त्याने एकदाही विचारलं नसेल, पण "सहा" म्हणायला चुकला नाही. एखादी तिथी वाढून दोन दिवस आली आणि जमनाच्या ध्यानात आलं नाही, तर तो तिकडूनच ओरडायचा, "दोन बिजा हायत गो या पंधरवड्यात! एक पाय मागं घे!"

तो गेल्यावर तिने तिथी मोठ्याने सांगायची सोडली. संकष्टी सोडली, एकादशी सोडली. ज्याच्या होडीसाठी उपास धरायचे तोच राहिला नव्हता. कॅलेंडर दाराआड लटकत होतं, तिकडे ती बघत नसे. पण पाण्याची वेळ तिला लागायची. गावामागच्या खाडीतली पाणथळ पक्ष्यांसाठी राखीव झाली होती, आणि दर रविवारी गावातल्या बायका तिथे शहरातल्या कुटुंबांना चालायला न्यायच्या. बुकिंग शेजारची हेमांगी बघे. फोनात भरतीच्या वेळा असतात, पण त्या मोठ्या बंदराच्या. आमच्या खाडीत पाणी आपल्या मर्जीने येतं. म्हणून वाटेवरच्या फलकावर हेमांगीने लिहून टाकलं होतं : पाण्याची वेळ जमनाकाकींना विचारा. जमना बोटांवर तिथी मोजायची, पाऊणपट करायची आणि वेळ सांगायची. तेवढं एकच काम तिच्या हातून अजून चोख होत होतं. ते गेलं की मग घरात नुसतं बसून राहायचं, हे तिला ठाऊक होतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी बोईसरहून चौघं आली. प्रफुल्ल कारखान्यात पाळ्या करणारा, मूळचा जळगावकडचा. त्याची बायको मोनाली, सहा वर्षांची वैभवी आणि आई साखरबाई. साखरबाईंचे गुडघे गेलेले, पण हौस शाबूत.

जमनाने बोटांवर मोजलं. पौर्णिमेपासून आज पाचवा दिवस, पंचमी. भरती पावणेचारला. वाटेत एक ओढा पायी ओलांडावा लागे, त्यात पाणी भरतीच्या तीन तास आधी शिरतं, म्हणजे पाऊण वाजता. आपण सव्वाबाराला परत. निघाले.

ओढ्यात घोटाही बुडत नव्हता. पलीकडे जुन्या मिठागराचा बांध, एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला चिखल. वैभवीला चिखलातले निवटे सापडले. मासे असून उड्या मारतात म्हटल्यावर ती तिथेच बसली. "आजी, मासा चालतोय!" साखरबाईंना पक्षीबिक्षी सोडून भलताच प्रश्न पडला.

"हे पाणी रोज येतं?"

"दिसातून दोनदा."

"सोडतं कोण?"

प्रफुल्ल हसून हसून खोकायला लागला. साखरबाईंच्या गावी पाणी कुणीतरी सोडल्याशिवाय येत नाही, त्यांचं काय चुकलं? जमनाही हसली, म्हणजे ओठ हलवले. येणाऱ्यांसमोर हसायचं असतं, हे ती शिकली होती. कुरवांचा थवा उठला तसं बोट दाखवून "कुरव" म्हणाली. बगळा दाखवला. सगळं पाठ केल्यासारखं बोलत होती.

बांधाच्या टोकाला मचाण होतं. तिथे पोचले तेव्हा साडेअकरा. जमनाने डब्यातले पोहे काढून पानांवर वाढले. मोनालीने आपलं पान सासूकडे सरकवलं.

"मला नको मावशी. आज संकष्टी आहे ना."

जमनाचा हात डब्यात तसाच राहिला.

"आज?"

"हो. रात्री चंद्र बघूनच जेवणार."

संकष्टी म्हणजे चतुर्थी. तिने बोटं पुन्हा मोजली. पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया... द्वितीया दोन असणार. कॅलेंडरात बघितलंच नव्हतं. आणि मागून ओरडणारा कुणी नव्हता. चतुर्थी म्हणजे भरती तीनला, म्हणजे ओढ्यात पाणी बाराला. ओढा इथून अर्ध्या तासावर, आणि साखरबाईंच्या पायांनी त्याहून लांब. ओढा भरला की संध्याकाळपर्यंत वाट नाही, आणि कुणी घाईने पाण्यात उतरलंच, तर खालचा चिखल पाय सोडत नाही.

ती घाबरली. आठ महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हे!

"उठा," ती म्हणाली. "पोहे बांधून घ्या. पानी येतंय."

"पण तुम्ही तर सव्वाबारा..."

"माजी चूक हाय. चला."

वैभवीला प्रफुल्लच्या खांद्यावर चढवलं. साखरबाईंचा एक हात मोनालीने धरला, दुसरा जमनाने. बांधावरून चौघं चालली, खांद्यावरची पाचवी निवट्यांना टाटा करत होती. चिखलातून बारीक बारीक आवाज यायला लागला, पाणी भेगांत शिरताना येतो तसा. जमनाला तो आवाज पाळण्यातल्यापासून माहीत. तिने पाय उचलला. साखरबाई धापा टाकत म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी आलं की आम्ही नाचायचो बाई! इथं पळायला लावतात!"

"नाचा आजी, पन त्या बाजूला जाऊन."

ओढ्यावर आले तेव्हा पाणी गुडघ्याला लागेल इतकं झालं होतं आणि ओढ धरत होतं. जमना आधी उतरली. तळाचे दगड तिच्या पायांना पाठ होते. तिने प्रफुल्लला पाऊल कुठे टाकायचं ते दाखवलं, तो पोरीला घेऊन पार झाला. मग ती मागे आली आणि साखरबाईंना पाठीवर घेतलं. म्हातारी हलकी होती, पण तिचे हात जमनाच्या गळ्याशी असे आवळले होते की श्वास कोंडला. मधोमध पाणी मांडीला लागलं. मागून मोनाली तिचा पदर धरून येत होती. एक दगड चुकला असता तर? चुकला नाही.

काठावर चौघं बसली आणि वैभवी म्हणाली, "पुन्हा जाऊया?" त्यांना वाटलं, सहलीतली ही गंमतच. प्रफुल्लने जमनाचे दोनदा आभार मानले. ते ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेमांगीला तिने संध्याकाळी सगळं सांगितलं. "मी बीज एकच धरली. माज्याच्याने नाय व्हायचं आता."

हेमांगी म्हणाली, "काकी, पुढच्या रविवारी बोईसरची तीन घरं येनार हायत. पानी कदी ते मला तूच सांग. नायतर मी बोर्डच काढते."

जमना उठून घरी गेली.

सोमवारी उजाडता ती उठली. दाराआडचं कॅलेंडर काढून आणलं. गेल्या वर्षीचं होतं. मग हेमांगीकडे जाऊन तिचं मागून आणलं. द्वितीया खरंच दोन घरांत छापलेली होती. चहा ठेवला. आणि ओट्याकडे पाठ करून, चुलीकडे बघत, आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली,

"आज पंचमी."

सवयीने थांबली. चहा उकळला. ओट्यावरून कुणी बोललं नाही. ती अजून थोडी थांबली, कारण तो कधी कधी विडी पेटवून मग सांगायचा.

मग तिच्या लक्षात आलं, की आता ते कुणीच सांगणार नाही. ती खाली बसली आणि जी रडली, ती अशी मोठ्याने, गळा काढून, की हेमांगी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"काकी! काय झालं गो? काय झालं?"

"पावनेचार," जमना म्हणाली. तिला पुढचं नीट बोलता येईना. "आज भरती... पावनेचारला हाय."