गोलात बसायचं तर स्वप्न सांगायचं

किस्से कसे साठतात सांगू? फ्रिजच्या डोक्यावर सामान साठतं ना, तसे. कोणी कधी ठेवलं आठवत नाही आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात! मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी आमची संस्था म्हणजे कल्याणजवळच्या मोहन्यातली एक पत्र्याची खोली, बॉस मीनाताई आणि चिडकी मी. सकाळी शाळेआधी वस्तीतली पोरं आली की सगळ्यांनी गोल बसायचं आणि रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं, ही आमची रीत. हसायचं नाही, अर्थ विचारायचा नाही. घरून मार खाऊन आलेलं पोरही यामुळे हळूहळू बोलायला लागतं, असं ताईंचं म्हणणं. मला आधी ही थेरं वाटायची. आता माझाच दिवस त्याशिवाय सुरू होत नाही.

*

पहिलीतल्या गण्याला स्वप्नंच पडायची नाहीत. रडकुंडीला यायचा. एकदा चौथीतल्या पिंकीला म्हणाला, "तुझं कालचं देतेस? खराब नाही करणार!"

पिंकीने दिलं. उल्हास नदी वर्गात आली आणि मागे जाऊन बसली, असं ते स्वप्न. गण्याने सांगितलं आणि वर स्वतःचं जोडलं, "ती ओली होती, म्हणून मी सरकलो."

त्या दिवशी पोरं खरंच मागची जागा सोडून बसली. मीसुद्धा तिथून वळसा घालून गेले, आता बोला!

*

ठाण्याहून एक पाहुणे आलेले, एकदम कडक इस्त्रीचे. रीत म्हणून त्यांनाही सांगायला लावलं. म्हणाले, "स्वप्नात तुम्ही सगळे डॉक्टर, इंजिनिअर झालेले दिसलात."

पिंकी त्यांच्याकडे बघत राहिली. "काका, एवढं नीटनेटकं नसतं. परत आठवा."

बिचाऱ्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "आई कणीक मळत होती. घराला छप्पर नव्हतं, वरून पांढरे ढग चाललेले."

"हां, हे खरं," पिंकी म्हणाली.

*

मीनाताईंनी तर कहर केला! कल्याणला सरकारी मीटिंग होती. बोलायला उभ्या राहिल्या आणि सवयीने तोंडातून निघालं, "चला, काल काय स्वप्न पडलं?" मी टेबलाखाली जायच्या बेतात.

मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बदली झालेली. समोर समुद्र. शिपाई नव्हता, मीच घंटा वाजवत होतो आणि मीच आत जात होतो."

मग रांगेने सगळ्यांनी सांगितली. फार सुंदर दुपार गेली, पण आमचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. मी ताईंवर जाम भडकले, कारण तो विषय संगीताचा होता.

*

संगीता आमची सातवीतली पोरगी, गणितात पहिली. तिचे बाबा रंगारी. तिची शाळा सोडवून ठाण्याला कोपरीत एका घरी बाळ सांभाळायला ठेवायचं, तिथेच राहायचं, असं त्यांनी ठरवलेलं. आम्ही घरी गेलो, कायदा सांगितला, हात जोडले. मी तर भांडलेसुद्धा. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं सगळं बरोबर. पण चूल माझी आहे."

शनिवारी सकाळी ते तिला न्यायलाच आले. आम्ही गोल बसलेलो. पिंकी म्हणाली, "काका, आत आलात ना? मग सांगावं लागतं."

"आम्हाला कसली गं स्वप्नं!" म्हणत ते टेकले. संगीता दप्तर आवरत होती. मग त्यांनीच सुरू केलं.

"भिंत होती. मी निळा मारत होतो. रंग लागेल तिथे दार निघालं. आत आमची गावची शाळा. गुरुजी हजेरी घेत होते." त्यांनी नखातला रंग खरवडला. "माझं नाव यायच्या आत जाग आली."

"बाबा, तुम्ही आत गेलेलात?" संगीताने विचारलं.

ते उठले. "चल," म्हणाले आणि तिला घेऊन गेले. मी तिथेच पोरांसमोर रडले. ताईंनी मला गप्पसुद्धा केलं नाही.

सोमवारी दारात संगीता! पाठीला दप्तर. मागे बाबा, रंगाने माखलेल्या कामाच्या कपड्यांत. मी काही विचारायच्या आत त्यांनी चपला काढल्या, पोरांना जरा सरकायला लावलं आणि गोलात मांडी घातली.

"परवाचं अर्धं राहिलेलं," ते म्हणाले.